मदत हवी आहे: गिअरची तार फ्रेमच्या पोटात अडकली

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. शाळा जिंतूर रोडला, जाऊन-येऊन २२ किलोमीटर, बारा महिने सायकलच. गेल्या वर्षी एक वापरलेली हायब्रिड घेतली, ॲल्युमिनियमची, सगळ्या केबली फ्रेमच्या आतून. खरं सांगतो, दिसायला साफसूफ वाटली म्हणूनच घेतली.

परवा मागच्या गिअरची तार शिफ्टरपाशीच (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) तुटली. चौकातल्या मिस्त्रीनं जुनी तार सर्रकन ओढून काढली आणि नवी घालायला बसला. वरच्या भोकातून जाते, खालून काही निघेना. दीड तास झटला बिचारा. शेवटी म्हणाला, "सर, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, संभाजीनगरला न्या." आता एका तारेसाठी सायकल रेल्वेत घालू का?

तार नाही म्हणून चेन मागच्या सगळ्यात छोट्या चक्रीवर जाऊन बसलीय. समोरून वारा असला की मांड्या भरून येतात.

घरी काही जुगाड होईल का? का ही विकून भावाची जुनी, बाहेरून केबलवाली घेऊ? विकणारा म्हणाला होता, आतल्या केबलला चिखल लागत नाही. आमच्याकडची काळी माती तुम्हाला माहीतच आहे, पावसात चाक फिरायचं थांबतं.

चेनढिली (लातूर): सर, चूक एकच झाली. जुनी तार काढायच्या आधी तिच्यावरून बारीक प्लास्टिकची नळी सरकवायची असते. मग तार ओढली तरी नळी आत राहते आणि नवी तार त्यातून सरळ जाते. पुढच्या वेळी मिस्त्रीला आधीच सांगा.

आता चुंबक वापरा. छोटा पण जोरदार हवा. फ्रेम ॲल्युमिनियमची आहे हे बरं, लोखंडी असती तर चुंबक फ्रेमलाच चिकटला असता. तार वरून आत सोडा आणि बाहेरून चुंबकानं हळूहळू खाली ओढत आणा. स्टेनलेसची तार चुंबक नीट धरत नाही. मिस्त्रीकडून साधी गॅल्व्हनाइज्ड तार आणा, आधी ती खालून बाहेर काढा, मग तिच्या टोकाला नळी लावून उलट ओढून घ्या, म्हणजे नळी आत बसेल आणि गिअरची तार तिच्यातून जाईल. आणि हो, पेडलखाली एका स्क्रूचं प्लास्टिकचं झाकण आहे का बघा. बऱ्याच सायकलींना असतं. ते काढलं तर बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्याचं बेअरिंग) उघडायची गरजच पडत नाही.

बीडचा_अण्णा: चुंबकानं नाही झालं तर शिवणाचा दोरा वरच्या भोकात सोडा, खालच्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा, बाकीची भोकं चिकटपट्टीनं बंद. दोरा सुर्रकन येतो. मग दोऱ्याला तार बांधून ओढा. बायकोला विचारून घ्या फक्त.

चेनढिली (लातूर): चिखलाचं म्हणाल तर ते अर्धंच खरं. तुमच्यासारख्या कित्येक सायकलींत तार पेडलखाली थोडी उघडीच असते आणि चिखल साचतो तो नेमका तिथं. भोकाचं रबर पडलं की पाणी आत जातंच. भावाच्या सायकलीला शिफ्टरपासून मागपर्यंत अखंड आउटर (तारेवरचं जाड आवरण) टाकून झिप-टायनं बांधलं तर माती आत जायला वाटच फार कमी राहते. तार बदलायला दहा मिनिटं. फक्त गिअरला गिअरचंच ४ मिलीमीटरचं आउटर घ्या आणि ब्रेकचं ब्रेकला. गिअरच्या आउटरमधल्या तारा उभ्या असतात, ब्रेकच्या जोरानं ते फाटू शकतं.

रोज जायचं असेल तर मी बाहेरचीच घेईन. आणि नवी घेताना हँडलच्या बेअरिंगमधून केबल गेलेली तर बिलकूल नको, खालचं बेअरिंग बदलायचं तर ब्रेकच्या केबलीसुद्धा सोडाव्या लागतात.

धागाकर्ता: निघाली! झाकण होतं, चिखलानं दिसतच नव्हतं. चुंबक मुलाच्या खेळण्यातला. मिस्त्री पण बघायला येऊन उभा राहिला, नळीचं बंडल आणून ठेवतो म्हणाला. आज सहज चढावर गिअर पडला, पण खड्ड्यात गेलं की आतून टक-टक वाजतंय. यावर काय करावं?

बीडचा_अण्णा: तारेवर फोमची नळी चढवायची असते. म्हणजे सर, परत तार काढा.