साडेचार वर्षांची कच्ची पोनी चराजवळ अडते. जानेवारीत उतरवू की थांबू?

पेडण्याची_स्वार

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातली, वय ३६, नोकरी पणजीला. शाळेत असताना दोन वर्षं घोड्यावर बसायला शिकले, मग मोठा खंड. गेल्या वर्षी शेवंती घेतली. उंची १३७ सेंटिमीटर, आई मारवाडी जातीची, बाप कोण ते विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. कानांची टोकं मात्र आईसारखी आत वळलेली. आली तेव्हा तिच्या पाठीवर कोणी बसायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. म्हणजे ती कच्ची आणि मीही कच्चीच.

मला इव्हेंटिंग करायचंय. २०१८ला जकार्तात आशियाई खेळांत आपल्या फवाद मिर्झांनी यात रौप्य मिळवलं तेव्हापासून हे डोक्यात आहे. घोडा आणि स्वार अशी एकच जोडी आधी ड्रेसाज, म्हणजे रिंगणात ठरलेल्या चाली आणि वळणं, करते, मग रानातले अडथळे पार करते आणि शेवटी रिंगणात दांड्यांवरून उड्या मारते, हे मला फार मोठं वाटतं.

यंदाच्या पावसात फक्त काव्यावर, म्हणजे गोल फेऱ्यांवर, काम केलं. आता दुडकी छान, सरळ. कँटर, म्हणजे दुडकीच्या वरची संथ दौड, डावीकडे ठीक, पण उजवीकडे वळताना ती तोंड वर करते आणि खांदा बाहेर टाकते.

गेल्या महिन्यात राज्याबाहेर एका सराव-स्पर्धेला नेलं. पाचवा अडथळा चर होता, दीड-दोन फूट रुंद. दुडकीत आलो. दोन पावलं आधी तिने पुढचे पाय रोवले, नाक फुरफुरलं, आणि मी तिच्या खांद्यावरून खाली. स्वार पडला की जोडी बाद, तो नियम मला मान्य आहे. त्याचं दुःख नाही. घरी आल्यावर, उन्हाळाभर माझ्याबरोबर ओलांडलेल्या शेताच्या मेरेपाशीसुद्धा ती थांबली, त्या दिवशी मी गोठ्यात बसून रडले. तिचा माझ्यावरचा भरवसा मी घालवला असं वाटतं.

शिकवणारे म्हणतात, एकदा चाबूक दे, जाईल. जानेवारीत पुन्हा एक छोटी स्पर्धा आहे. काय करू?

जुना_रिसाला

ताई, फौजेत २४ वर्षं घोड्यांतच काढली, म्हणून स्पष्ट विचारतो. चर आला तेव्हा तुम्ही कुठे बघत होता? चरात बघत असणार. खाली बघितलं की स्वाराचं वजन पुढे जातं आणि लगाम आखडतो.

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. कपाळासमोरचं आणि नाकाखालचं त्याला दिसत नाही. जमिनीतला खड्डा नीट बघायचा तर त्याला मान खाली न्यावी लागते. लगाम घट्ट असेल तर मान जाणार कशी? मग तो थांबून बघतो. शेवंती खोडकर नाही, तिला बघायचं होतं. यात चाबूक मारला तर चर म्हणजे मार, एवढंच ती शिकेल.

शेतात एक फुटाचा, वितभर खोल पाट निवडा. खोगीर काढून ठेवा, दोर हातात घ्या आणि तिच्या पुढून चालत पलीकडे जा. दोर सैल ठेवा. तिला हुंगू दे, उभं राहू दे, अर्धा तास लागला तरी लागू दे. फक्त तोंड फिरवून परत जायची मुभा नको. ती पलीकडे आली की मान थोपटा आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपवा. चार-पाच दिवसांनी पाठीवरून, चालीत. नजर पलीकडच्या माडाच्या शेंड्यावर.

फोंड्याचा_पशुवैद्य

वरचं सगळं पटतं, पण त्याआधी तोंड तपासून घ्या. साडेचार वर्षं म्हणजे कोपऱ्याचे दुधाचे दात पडायचं वय. दाढांवरच्या टोप्या, म्हणजे दुधाच्या दाढांचे उरलेले तुकडे, याही याच्या थोड्या आधी सुटतात, त्यातली एखादी अडकून राहिली तर गाल कापला जातो. उजवीकडे वळताना तोंड वर करते म्हणताय, तिथे मला आधी दातांचा संशय येतो. मग खोगीर पाठीला कुठे टोचतंय का ते बघा.

आपल्याकडे पावसानंतर खुरांचाही विचार हवा. तळव्याच्या मधल्या मऊ भागाजवळ काळं, घाण वास येणारं काही निघालं तर खूर सडू लागलाय. आणि उड्या बेतानेच. या वयात पाठीचा कणा अजून वाढत असतो. आठवड्यातून एकदा, थोड्याच उड्या पुरेत. घाम भरपूर जातो, चंदीत मीठ विसरू नका.

कोल्हापूरची_मुक्ता

जानेवारीला जा, पण फक्त ड्रेसाजला नाव द्या. २० बाय ४० मीटरचं रिंगण, अनोळखी जागा, लाऊडस्पीकर, बाकीचे घोडे. तिला एवढं नवं पुष्कळ आहे.

पुढे तिन्ही कराल तेव्हा हिशेब लक्षात ठेवा. रानातल्या अडथळ्याला एकदा अडली की २० दंड. वेळ चुकली तर सेकंदाला ०.४. म्हणजे २५ सेकंद उशीर झाला तरी दंड १०च. तेव्हा घाई करू नका, दुडकीतच न्या. माझा घोडा पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी उशिरा पोचला, पण एकदाही अडला नाही.

पेडण्याची_स्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

डॉक्टर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. उजवीकडे वरच्या दाढेवरची टोपी अर्धी सुटून अडकली होती, गालाला आतून जखम. मी तिला दीड महिना त्याच बाजूला लगाम लावून वळवत होते. हे समजल्यावर फार वाईट वाटलं. टोपी काढली, दहा दिवस लगाम नाही. आता उजवीकडचा कँटर अजून डाव्यासारखा नाही, पण तोंड वर करत नाही.

पाटाशी पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं उभ्या होतो. ऊन चढलं, शेजारचे काका दोनदा येऊन बघून गेले. तिने नाक पाटातल्या गवताला लावलं, जोरात श्वास सोडला, पुढचा एक पाय पलीकडे टाकला आणि तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. मी दोर ओढला नाही. मग बाकीचे तीन पाय आले. काल पाठीवरून, चालीत, चार वेळा गेली. जानेवारीला फक्त ड्रेसाजला नाव दिलंय.

आता घराखालचा व्हाळ, म्हणजे ओढा. पाणी घोट्याएवढं आहे. रिसालदारसाहेब, आधी मी उतरू की तिला उतरू देऊ?

जुना_रिसाला

आधी तुम्ही. तळ पायाने चाचपा. चिखल लागला तर ती जागा सोडा. रेती आणि बारीक खडे लागले तर पाण्यात उभ्या राहा आणि तिला हाक मारा.