धुऱ्यावरच्या गोट्याले दगडफूल, अन् अंटार्क्टिकातही?

वावरवाला, दारव्हा
आमच्या धुऱ्यावर काळे गोटे रचून हायेत. निंबाच्या सावलीतल्या गोट्यांवर राखाडी पापुद्रे धरतात, मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीचे. नखानं खरडले तरी निघत नाहीत. उन्हातले गोटे मात्र साफ कोरे. पोरगी म्हणते, अंटार्क्टिकात फुलझाडं दोनच अन् अशी शैवाकं शेकड्यानं. तिथं पाणी तर गोठलेलं, मग ते पितं काय? थंडीनं मरत कसं नाही?

मास्तर_परतवाडा
भाऊ, थंडीचं त्याला फारसं सोयरसुतक नाही, अडतं पाण्यापाशी. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवालाचा एकत्र संसार. मुळं नाहीत, पाणी अंगानंच शोषायचं. उन्हाळ्यात तिथली हवा शून्याच्या आसपास असली तरी उन्हातला काळा दगड चांगलाच तापतो, वरचा बर्फ वितळतो, तेवढ्यात याचं भागतं. वितळला नाही तरी बर्फाची वाफ ओढून काही जाती जाग्या होतात. अंबिलिकॅरिया अप्रिना ही जात उणे १७ अंशांनाही अन्न तयार करताना मोजलीय, १९९४ मध्ये. ओल संपली की वाळून पडून राहतं, मरत नाही. अंटार्क्टिकातल्याच मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्यांत तर काही शैवाकं वालुकाश्माच्या आत, कणांच्या फटींत राहतात. बाहेरच्या वाऱ्यात टिकाव लागत नाही. वाढ म्हणाल तर त्या भागात शंभर वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर. आपल्याला निंदणाचा कंटाळा येतो!

रानभैरी
सर, पेंग्विनच्या विष्ठेचं खतही सांगा ना. पक्ष्यांच्या वस्तीजवळचे खडक नारिंगी शैवाकांनी माखलेले असतात, ते त्या नत्रामुळंच. आणि बर्फ उन्हाळाभर हटलाच नाही तर खाली अंधारात शैवाक मरतं. म्हणजे बर्फ हवा, पण बेतानं.

वावरवाला, दारव्हा
थे समजलं. पण आमच्याकडं तर चार महिने पाऊस. मग उन्हातल्या गोट्यानं काय घोडं मारलं?

मास्तर_परतवाडा
तो गोटा सर आली की तासाभरात वाळतो, कमाईला वेळच मिळत नाही. वरून आपल्या उकाड्याच्या ओल्या रात्री. ओलं आणि गरम असलं की शैवाक श्वसनात दिवसाची कमाई उडवतं. थंडीत तो खर्च कमी, म्हणून तिथं थोडक्यात निभतं. चिखलदऱ्याला धुक्यात झाडांच्या साली बघा, फरक दिसेल.

वावरवाला, दारव्हा
मंग कोरे गोटे निंबाखाली सरकवून पाहू का?

मास्तर_परतवाडा
सरकवा, पण पापुद्रेवाले हलवू नका. आणि नातवाला सांगून ठेवा, निकाल तोच पाहील.