मदत हवी आहे: छोट्या पुस्तिका कोलकात्याला पाठवण्याबद्दल

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या पेडण्यातले काहीजण मिळून धालो-फुगडीच्या (बायकांच्या लोकनृत्यांच्या) गीतांच्या पुस्तिका काढतो. झेरॉक्सवर छापलेल्या, मधोमध दोन पिना मारलेल्या. जत्रेत खपतात आणि संपतात.

ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबद्दलच्या १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायची असते. 'पुस्तका'च्या व्याख्येत पुस्तिकाही येते, म्हणजे आमची सुटका नाही! दंड ५० रुपयांपर्यंत, शिवाय पुस्तकाची किंमत. चार स्पीड पोस्टपेक्षा तो स्वस्त पडेल, पण प्रती टिकाव्यात हीच आमची इच्छा. पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तर देणारच आहोत.

कोणी स्वतः पाठवलं असेल तर सांगा: आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसलेली पुस्तिका कोलकात्यात विनातक्रार घेतात का? लेखी पोच लगेच येते की मागे लागावं लागतं? जुन्या पुस्तिका आता एकगठ्ठा पाठवल्या तर चालतील? आणि पिना पावसाळ्यात गंजून पानांवर डाग पडतात, तेव्हा तेवढ्या प्रती दोऱ्याने शिवून द्याव्यात का? आमच्यातल्या एका काकींची शिवायची तयारी आहे.