बाबांना कोरी बस्टर्ड दाखवायचाय: क्रूगर आणि ड्रॅकन्सबर्गची पक्षी-सफर कशी आखावी?

अनघा_कु

नमस्कार मंडळी. माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत. गेली तीसेक वर्षं भिगवण, नान्नज, मायणी असं दुर्बीण गळ्यात अडकवून फिरतात. नव्वदच्या दशकात नान्नजला एकाच सकाळी त्यांना चार माळढोक दिसले होते. ती नोंद त्यांच्या वहीत आहे, त्या पानावर अजून बोट ठेवून दाखवतात. त्यानंतर कितीतरी वेळा गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. माळढोकाचा आफ्रिकेतला थोरला भाऊ, कोरी बस्टर्ड, त्यांना डोळ्यांनी दाखवायचाच असं मी ठरवलं आहे.

एका एजन्सीने दक्षिण आफ्रिकेचा १२ दिवसांचा कार्यक्रम पाठवलाय: केप टाउन, गार्डन रूट, सन सिटी आणि शेवटी दोन दिवस क्रूगर राष्ट्रीय उद्यान. दुसरा पर्याय एका पक्षी-गाईडचा: फक्त क्रूगर, वाकरस्ट्रूम आणि ड्रॅकन्सबर्ग डोंगरातला सानी पास हा घाट, गाडीत आम्ही आणि आणखी एक कुटुंब. खर्च मात्र बराच जास्त. गाईडवर एवढे पैसे घालावेत का? कोणता हंगाम धरू? आणि बाबांचा उजवा गुडघा दुखतो, त्यांना डोंगर झेपेल का?

टिटवी_सोलापूर

अनघा, एकेरीत लिहिते, राग मानू नकोस. मी बाबांच्याच वयाची. सोलापुरात कॉलेजला वनस्पतिशास्त्र शिकवलं. गवतं ओळखायला मुलांना घेऊन नान्नजच्या माळावर जायचे, त्यामुळे वहीतल्या त्या पानाचं मोल मला सांगावं लागत नाही.

क्रूगरला मी दोनदा गेले. पहिल्यांदा २०१६ च्या ऑगस्टमध्ये, एका मोठ्या टूर कंपनीबरोबर. गाडीत दहा जण. कुठे सिंह दिसल्याची खबर आली की ड्रायव्हर सगळं सोडून तिकडे गाडी पळवायचा. एके सकाळी रस्त्यापासून वीस पावलांवर सेक्रेटरी बर्ड गवतात पाय आपटत होता. लांब पायांचा शिकारी पक्षी, सापाला लाथांनी मारतो. मी ‘थांबवा, थांबवा’ म्हणत राहिले, गाडी थांबली नाही. त्या दिवशी दुपारी मी जेवले नाही.

दुसऱ्यांदा २०२० च्या जानेवारीत आम्ही चौघं आणि एक स्थानिक गाईड. उद्यानाच्या कुंपणालगतच्या गावात वाढलेला, घरची भाषा त्सोंगा. तो इंजिन बंद करायचा आणि आधी ऐकायचा. कोतवाल आणि बुलबुल एकाच झाडाभोवती कालवा करताहेत म्हणजे आत घुबड नाहीतर साप, असं सांगून त्याने दहा मिनिटं थांबवलं आणि फांद्यांच्या बेचक्यातलं घुबड दाखवलं. तेव्हा पैशांचं उत्तर सरळ आहे: गाईडवर घाल, सन सिटी सोड.

आता कोरी. क्रूगरमध्ये सातारा नावाचा कॅम्प आहे! आपल्या साताऱ्याशी संबंध नाही. जमिनीची मोजणी चालू असताना हा सतरावा तुकडा निघाला आणि मोजणीदाराच्या भारतीय मदतनिसाने त्याला ‘सत्रा’ म्हटलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. आजूबाजूला मोकळं गवताळ रान आहे. बाबांना तिथे किमान तीन रात्री ने. आम्हाला कॅम्पच्या उत्तरेला सकाळी सातच्या सुमारास कोरी दिसला. एकटा नर, मान ताठ, एकेक पाऊल तोलून टाकत गवतातून चालला होता. मोठा नर १८ किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी हा एक. आणि त्याच्या पाठीवर एक वेडा राघू, म्हणजे किडे टिपणारा बी-ईटर, बसलेला! आपला हिरवा नव्हे, किरमिजी लाल, सदर्न कार्माइन. कोरी चालला की गवतातले टोळ उडतात, राघू झेपावून टिपतो आणि पुन्हा पाठीवर येऊन बसतो. मी दुर्बीण खाली ठेवली, कारण डोळे भरून आल्यामुळे काही दिसत नव्हतं. नान्नजच्या माळावर हेच चालणं मी पाहिलं होतं, तीच मान, तोच रुबाब. गाईडला हे सांगितलं तर तो म्हणाला, उद्यानाबाहेर आमचेही कोरी विजेच्या तारांवर आदळून मरतात. माळढोकाला आपल्याकडे त्याच तारा नडल्या आहेत. बाबांना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे पक्षी पाहताना त्यांना सगळं एकदम आठवणार नाही.

गुडघ्याचं म्हणशील तर क्रूगरमध्ये चालणं जवळजवळ नाहीच, ठरावीक जागा सोडल्या तर गाडीतून उतरायलाच बंदी आहे. खरा त्रास बसण्याचा. सहा-सहा तास पाय मुडपून बसलं की गुडघा आखडतो. उघड्या सफारी गाडीला चढायला उंच पायऱ्या असतात, म्हणून गाईडकडे बुटकी मिनीबस आणि पुढची सीट माग. दुपारी कॅम्पमध्येच फिरवा. कॅम्पला कुंपण असतं, बाकावर बसून धनेश, शिंजीर, सुगरणी दिसत राहतात. स्कुकुझा कॅम्पजवळ लेक पॅनिक म्हणून तलाव आहे, काठावर लाकडी हाइड, म्हणजे आडोशाला बसून पक्षी बघायची जागा. आम्ही तिथे तीन तास बसलो. खंड्याचे दोन प्रकार, कमळपक्षी, समोर पाणघोडे, आणि कोणालाच उठायची घाई नव्हती.

भुईवरचा धनेश म्हणजे ग्राउंड हॉर्नबिल दिसला तर गाडी हलवू देऊ नका. काळाभोर, गळ्याला लाल पिशवी, पहाटे त्याचा हुंकार कितीतरी लांब पोचतो. अख्खं कुटुंब मिळून एक पिल्लू वाढवतं आणि सरासरी नऊ वर्षांत एखादंच पिल्लू मोठं होतं. मादी बहुधा दोन अंडी घालते, पण दुसरं पिल्लू उपाशी मरतं. म्हणून तिथले लोक ते दुसरं पिल्लू उचलून हाताने वाढवतात.

दिवस उरले तर क्रूगरच्याच उत्तर टोकाकडे पुंडा मारिया आणि पाफुरी. तिथे गोरखचिंचेची झाडं बघताना मला वेळेचं भान राहिलं नाही. आपल्याकडे एखाददुसरी दिसते, तिथे ती घरच्या मातीत उभी आहेत. गाईडने लुवुवू नदीच्या काठी पेल्स फिशिंग आउल, म्हणजे मासे पकडणारं घुबड, शोधायचा प्रयत्न केला. रात्री आवाज ऐकला, पक्षी दिसला नाही.

आणि डोंगर सोडू नकोस. वाकरस्ट्रूम हे गवताळ पठारावरचं छोटंसं गाव. ब्लू क्रेन, बाल्ड आयबिस, आणि रड्स लार्क नावाचा एक चंडोल, जो दक्षिण आफ्रिकेच्या गवताळ रानाबाहेर जवळपास कुठेच नाही. त्याच्यासाठी खडबडीत गवतातून चालावं लागतं, तो बाबांना नाही जमला तरी चालेल. पण तिथे जानेवारीत तारांवर ओळीने अमूर ससाणे बसलेले असतात! नोव्हेंबरात नागालँडमध्ये थव्याने उतरणारे, जाता जाता लोणावळ्याला दिसणारे हेच. अरबी समुद्र ओलांडून इथवर येतात. त्या तारेखाली उभं राहून मी आमच्या लोणावळ्याच्या मित्राला फोन लावला होता.

सानी पासला फोर बाय फोर गाडीशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे चढायचं काम गाडीचं. घाटमाथा २,८७० मीटरच्या वर, कळसूबाईपेक्षा बाराशे मीटर उंच. खाली पिवळा वालुकाश्म आणि वर आपल्यासारखाच काळा बसाल्ट. तो सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला सह्याद्रीचा साडेसहा कोटींचा. चढताना प्रोटियाच्या फुलांवर गर्नीज शुगरबर्ड, वर खडकाखडकांवरून उड्या मारणारा नारिंगी पोटाचा रॉकजम्पर, आणि नशीब असेल तर दाढीवालं गिधाड. हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि खातं. आम्हाला ते दरीतून वर येताना दिसलं, काही क्षण अगदी नजरेच्या उंचीवर.

रानवाटा

टिटवीताईंनी जानेवारीतलं वर्णन केलं, पण हंगामाबाबत माझं मत वेगळं. कोरी हाच हेतू असेल तर ऑगस्ट उत्तम. गवत वाळून आडवं झालेलं असतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, डासही कमी. जानेवारीत गवत कमरेएवढं वाढतं, कोरीची नुसती मान दिसते.

जोबर्गकर

इथे जोहान्सबर्गला नऊ वर्षं आहे, व्यवहाराचं तेवढं सांगतो. सानी पासचा माथा लेसोथो या शेजारच्या देशात येतो, म्हणजे पासपोर्ट जवळ हवाच. भारतीय पासपोर्टवर लेसोथोचे नियम निघण्याआधी गाईडकडून लेखी घ्या, आणि दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा अर्ज भरताना पुन्हा प्रवेश करणार असल्याचं लिहा. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे येत असाल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या दहा दिवस आधी घेऊन टाका, म्हणजे मधला मुक्काम लांबला तरी अडचण नाही. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे. गोळ्या बाबांच्या डॉक्टरांना त्यांची बाकीची औषधं सांगूनच ठरवा. क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किमी आहे, त्यामुळे नकाशावर जवळ वाटणारा कॅम्प अर्धा दिवस खातो. डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत तर येऊच नका.

अनघा_कु

सगळ्यांचे मनापासून आभार. एजन्सीला ‘नको’ असं कळवलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही, पण काल सहज अमूर ससाण्याचा विषय काढला तर अर्धा तास बोलत होते. आता ऑगस्ट की जानेवारी?

टिटवी_सोलापूर

रानवाटा म्हणतात ते कोरीपुरतं खरं आहे. पण ऑगस्टमध्ये सानीवर बर्फ पडून रस्ता बंद होऊ शकतो आणि उघड्या गाडीत पहाटेचा गारठा बाबांच्या गुडघ्याला सोसणार नाही. लाल राघूही तेव्हा नसतात. ऑक्टोबरच्या अखेरीस निघ. पाऊस नुकता सुरू होत असतो, गवत अजून बुटकं, पाहुणे पक्षी यायला लागलेले. अमूर ससाणे तेव्हा तिथे पोचलेले नसतात, पण नोव्हेंबरात परत आलात की बाबांना लोणावळ्याला घेऊन जा. बुकिंग आत्ताच कर, साताऱ्याच्या खोल्या महिनोन्महिने आधी भरतात. आणि ती जुनी वही सोबत घ्यायला सांग. कोरी दिसला की त्याच पानाखाली लिहू देत.