मुदत करारावरची नोकरी: 'एफटीई'ला सुधारणा म्हणायचं का?

इंद्रायणीकाठचा

२१ नोव्हेंबर २०२५ ला चारही कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून आमच्या चाकण-भोसरी पट्ट्यात एकच सूर ऐकू येतोय की मुदत करारावरच्या (फिक्स्ड टर्म एम्प्लॉयमेंट, म्हणजे एफटीई) पोरांनाही आता पर्मनंटसारखं सगळं मिळणार. कागदावर ते खरं आहे. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम करणाऱ्या पर्मनंट कामगारापेक्षा पगार, भत्ते, सवलती कमी देता येत नाहीत. ग्रॅच्युइटीला पूर्वी पाच वर्षं लागायची, करारावरच्याला आता एक वर्ष पुरतं.

माझा आक्षेप वेगळा आहे. करार किती वेळा वाढवायचा याला मर्यादाच नाही. बारमाही चालणाऱ्या कामावर मुदतीचा माणूस घेऊ नये, असंही कुठे म्हटलेलं नाही. २०१८ च्या केंद्रीय नियमांत निदान एवढं तरी होतं, की असलेल्या पर्मनंट जागा मुदतीच्या करून टाकता येणार नाहीत. संहितेच्या व्याख्येत ते वाक्य नाही. म्हणजे तोच माणूस, तीच मशीन, दहा वर्षं, आणि दरवर्षी नवं पत्र. मुदत संपून घरी पाठवलं तर ती कामगार कपात धरली जात नाही, त्यामुळे कपातीची नोटीस नाही आणि भरपाईही नाही. अशा माणसानं ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे मागायचे, की पुढच्या पत्राची वाट बघत गप्प बसायचं? मला तरी ही सुधारणा वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी पटवून द्यावं.

प्रेसशॉपवाला

देतो की. पस्तीस माणसांचं वर्कशॉप चालवतो. वरच्या कंपनीचं शेड्यूल महिन्याला बदलतं. दिवाळीआधी तीन शिफ्ट, जानेवारीत मशीन झाकून ठेवायची वेळ. पूर्वी ठेकेदाराकडून पोरं घ्यायचो. तो मधले पैसे खाणार, पीएफ भरला की नाही देवाला ठाऊक, आणि नाही भरला तर नोटीस येणार मला. आता थेट माझ्या रोलवर घेतो, पीएफ-ईएसआय माझ्याच कोडवर. ग्रॅच्युइटी म्हणजे ग्रॅच्युइटीला धरायच्या पगाराच्या ४.८१ टक्के, ती मी पार्टच्या किमतीत धरतो. तुम्ही त्या पोराची तुलना पर्मनंटशी करताय. पर्मनंटची जागा त्याला कुणी देऊ केली होती? ठेकेदाराच्या मजुराशी तुलना करा, मग बोला.

इंद्रायणीकाठचा

ठेकेदार गेला कुठे, साहेब? सकाळी सहाला कुठल्याही गेटवर जा, तो आहे तिथेच आहे. तुमच्यासारखे त्याला सोडून थेट भरती करत असतील तर चांगलंच आहे. पण कायद्यानं पर्मनंटच्या जागी मुदतीचा माणूस बसवायची सोयही करून दिली, त्याचं काय?

युनियनचा जुना सेक्रेटरी

प्रेसशॉपवाले, तुमचा राग समजतो, पण इतिहास माहीत असू द्या. मुदत संपली तर कपात नाही, हे आज आलेलं नाही. औद्योगिक विवाद कायद्यात ते १९८४ सालीच घातलं होतं. तरीही महाराष्ट्रात आम्ही भांडू शकत होतो, कारण अनुचित कामगार प्रथा रोखणारा आपला १९७१ चा कायदा, ज्याला सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात. त्याच्या चौथ्या परिशिष्टातली सहावी बाब आम्हाला तोंडपाठ होती: पर्मनंटचे फायदे मिळू नयेत म्हणून कामगाराला वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी ठेवणं ही अनुचित प्रथा. एसटीत गाड्या धुणारे स्वच्छक याच बाबीवर लढले. तात्पुरत्या सरकारी नोकरांना कोर्टानं कायम करू नये, असं म्हणणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर सगळीकडे 'आता कुणी कायम होणार नाही' अशी हवा होती. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं एसटीच्या प्रकरणात सांगितलं की इंडस्ट्रियल कोर्टाचे या कायद्याखालचे अधिकार उमादेवीनं गेलेले नाहीत. पोरं कायम झाली.

आता खरी गोम सांगतो. पूर्वी वर्षात २४० दिवस भरून अखंड सेवा धरली जाऊ नये म्हणून सहा-सात महिन्यांनी ब्रेक द्यायचे. चार दिवस घरी बसवायचं, पुन्हा बोलवायचं. तो ब्रेकच आमचा पुरावा असायचा. हजेरीपत्रक कोर्टापुढे ठेवलं की मालकाची नियत दिसायची. आता ब्रेकची गरजच उरली नाही. लेखी करार आहे, मुदत आहे, खाली कामगाराची सही आहे. नियत शोधायची कुठे?

एचआरवाली ताई

काका, आदर ठेवून विचारते, त्या खटल्यांना किती वर्षं लागली? कोर्टात जिंकेपर्यंत माणूस चाळिशीत जातो. मी भरतीच्या बाजूला बसते, म्हणून आतली गोष्ट सांगते. मर्यादा नसणं वगैरे ठीक, पण आजचा प्रश्न त्याहून साधा आहे. पत्रं अकरा महिन्यांची निघायला लागली आहेत, घरभाड्याच्या करारासारखी. ग्रॅच्युइटीसाठी संहितेची व्याख्या म्हणते 'कराराखाली एक वर्ष सेवा', म्हणून वर्ष भरूच द्यायचं नाही. माझ्या मते ही पळवाट टिकू नये, कारण सामाजिक सुरक्षा संहितेत बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं की वर्षाची अखंड सेवा धरतात. पण अठरा हजार पगारावर वर्षाची ग्रॅच्युइटी होते १०,३८५ रुपये. तेवढ्यासाठी वकील कोण लावणार?

आणि सगळी चर्चा पुरुषांचीच चालली आहे. करारावरच्या बाईला बाळंतपणाची रजा चालू असताना मुदत संपली तर काय? 'करार संपला, पगार बंद' असं अजूनही सर्रास सांगतात. ऑगस्ट २०२३ च्या कविता यादव निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की मुदत संपली तरी मातृत्व लाभ पूर्ण द्यावा लागतो. हे आमच्या खात्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते सांगत नाहीत.

तासिका तत्त्वावरचा

तुम्ही निदान कामगार तरी आहात. शिक्षक 'कामगार' नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९८८ सालीच ठरवलं, तेही आपल्या शेजारच्या गोव्यातल्या एका शाळेच्या खटल्यात. दर जूनला नवी ऑर्डर. चालू द्या तुमचं.

म्युनिकवासी

इथला नियम सांगतो. जर्मनीत मुदतीचं कारण न देता करार करायचा तर एकूण जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि त्या दोन वर्षांत तीनदाच वाढवता येतो. त्याच मालकाकडे आधी नोकरी केलेली असेल तर सहसा असा बिनकारणी करार चालतच नाही. मुदत लेखी नसेल तर नोकरी बेमुदत धरतात. कुणाच्या रजेच्या जागेवर किंवा एखाद्या प्रकल्पापुरतं असेल तर जास्त काळ चालतं, पण कारण दाखवावं लागतं. यानं इथले कारखाने बंद पडले नाहीत.

प्रेसशॉपवाला

जर्मनीत बेकारभत्ता आहे हो. आणि दोन वर्षांची मर्यादा इथे आणलीत तर काय होईल ते मीच सांगतो. तेविसाव्या महिन्यात मी त्या पोराला नमस्कार करणार आणि नवीन घेणार. आज निदान पाच-पाच वर्षं टिकतात.

युनियनचा जुना सेक्रेटरी

काढा की. दोन वर्षं खर्चून तयार केलेला ऑपरेटर शेजारच्या गाळ्यात जाईल आणि तुमचं रिजेक्शन वाढेल. सगळे काही काढणार नाहीत. जो खरंच लागतो त्याला ठेवावंच लागेल, आणि ठेवायचा तर कायम. मर्यादा हवी ती एवढ्याचसाठी.

लाइन नंबर चार

सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहितो. मी एफटीईवर आहे, दुसरं पत्र चालू आहे. मला पर्मनंट व्हायचंय असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मला तर चार पैसे साठवून गावाकडे वेल्डिंगचं दुकान टाकायचंय. पण समान पगार म्हणता तो कुठाय? शेजारच्या मशीनवर पर्मनंट आहे, पार्ट तोच, टार्गेट तेच. त्याच्या पत्रावर 'ऑपरेटर', माझ्या पत्रावर 'असोसिएट'. एचआरला विचारलं तर म्हणे पद वेगळं आहे. त्याचा पगार युनियनच्या वेतनकरारातला, आणि युनियननं आम्हाला कधी सभासद करून घेतलं नाही. काका, याचं उत्तर द्या.

युनियनचा जुना सेक्रेटरी

बरोबर बोललास. पुष्कळ युनियननी टेम्पररी पोरांना दारातच उभं केलं, कारण त्यांना आत घेतलं तर वेतनकरारातला वाटा कमी होईल ही भीती. त्याला माझ्याकडे सफाई नाही.

पदाचं नाव बदलून काम बदलत नाही. २०१६ च्या जगजित सिंग निकालात समान काम-समान वेतन टेम्पररी लोकांनाही लागू केलंय. ते प्रकरण सरकारी कर्मचाऱ्यांचं होतं, पण तुझ्यासाठी हेच तत्त्व आता संहितेत आहे. मात्र काम समान आहे हे सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्यावर असते. म्हणून प्रॉडक्शन शीटवर तुझं नाव आणि मशीन नंबर येतो ना, त्याचे फोटो तारखेसकट ठेव. दोन्ही नेमणूकपत्रं आणि सगळ्या पगारपावत्या घरी ठेव, लॉकरमध्ये नको. आणि एकट्यानं अर्ज देऊ नकोस, तुझ्या लाइनवरचे सातआठ जण मिळून द्या.

एचआरवाली ताई

आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी 'बघतो' म्हणाले तर तिथून हलू नका.