मदत हवी आहे: स्त्री-पुरुषांच्या मेंदूत फरक असतो का? मुलीला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी नववीत आहे. परवा वर्गात त्यांना सांगितलं, की मेंदूच्या दोन्ही भागांना जोडणारा पूल, म्हणजे कॉर्पस कलोसम, बायकांमध्ये जाड असतो. म्हणून म्हणे बायका बोलण्यात पुढे आणि पुरुष गणितात. तिने वहीत दोन मेंदू काढलेत, एक निळा, एक गुलाबी. गुलाबीतला पूल पेन्सिलीने दोनदा गिरवलाय आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'म्हणून मला भूमिती जमत नाही.' ते वाचल्यापासून जिवाला चैन नाही.

शोधाशोध केली तेव्हा कळलं, की हा दावा १९८२च्या एका शोधनिबंधातून पसरला. त्यात तपासलेले मेंदू फक्त १४! ९ पुरुषांचे, ५ बायकांचे. पण पुरुषांचा मेंदू सरासरीने साधारण १० टक्के मोठा असतो, हेही ठिकठिकाणी वाचलं. 'काहीच फरक नसतो' असं खोटं मला तिला सांगायचं नाही. मग या आकाराचा अर्थ काय लावायचा? आणि त्या पुलाचं पुढे काय झालं? या विषयातलं कुणी असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आकाराचं तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे, पण ती सरासरी आहे. कितीतरी बायकांचा मेंदू कितीतरी पुरुषांपेक्षा मोठा निघतो. त्यावरून कुणाची हुशारी ठरत नाही.

पुलाबद्दलचा मूळ दावा त्याच्या मागच्या टोकापुरता होता, स्प्लेनियमपुरता. १९९७मध्ये ४९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्या टोकाच्या आकारात स्त्री-पुरुष असा ठोस फरक सापडला नाही. शिवाय मेंदू लहान असला की त्या मानाने पूल मोठा दिसतो, मग तो कुणाचाही असो. २०१५मध्ये १४००हून जास्त मेंदूंचे स्कॅन पाहिले, तर बहुतेकांत 'बायकी' आणि 'पुरुषी' म्हणवणारी वैशिष्ट्यं सरमिसळ होती.

एक फरक मात्र लपवू नका. मनातल्या मनात आकृती फिरवून बघण्याच्या चाचणीत पुरुषांची सरासरी खरोखर जास्त येते. पण ते कौशल्य सरावाने सुधारतं, मुलींचं आणि मुलांचंही. भूमितीसाठी तिला हेच सांगा.

धागाकर्ती

मनापासून आभार. तिला सगळं वाचून दाखवलं. १४चा आकडा ऐकून म्हणाली, "आमच्या वर्गातच याहून जास्त मुली आहेत." आकृती फिरवण्याचा सराव कशापासून सुरू करू, तेवढं सांगाल का?