थकबाकीची एक्सेल शीट: माउस न धरता रिकामे सेल भरायचे कसे? फिल्टरमधली पेस्ट चुकते का?

घोडबंदर_खजिनदार:
ठाण्यातल्या सोसायटीची मेंटेनन्सची शीट आहे. चार विंग, ३१२ फ्लॅट, एक्सेल २०१९, विंडोज लॅपटॉप. बिलिंग सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये ए कॉलमला विंगचं नाव फक्त त्या विंगच्या पहिल्या फ्लॅटसमोर येतं, खाली सगळं रिकामं. बी मध्ये फ्लॅट नंबर, एफ मध्ये थकबाकी, एच मध्ये शेरा.
विंगचं नाव माउसने खाली ओढत न्यावं लागतं. कंट्रोल + शिफ्ट + ↓ दाबलं की सिलेक्शन मध्येच थांबतं, नाहीतर थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर जातं. शिवाय थकबाकीदार फिल्टर करून एच मध्ये ‘नोटीस दिली’ पेस्ट केलं, तर ज्यांचं काहीच देणं नाही त्यांच्यापुढेही तो शेरा उमटला. आणि व्याजाच्या फॉर्म्युल्यात एफ४ दाबलं की डॉलर (सेलचा पत्ता पक्का करणारं $ चिन्ह) यायच्या ऐवजी स्क्रीनचा उजेड बदलतो.

नौपाडा_लेजर:
आधी सिलेक्शन. कंट्रोल + बाण भरलेल्या आणि रिकाम्या सेलची हद्द शोधत जातो. मध्ये एक सेल रिकामा असला की तो तिथे थांबणारच, आणि खाली काहीच नसेल तर शीटच्या शेवटच्या ओळीपर्यंत जाणार. म्हणून सलग भरलेल्या कॉलमचा आधार घ्या. बी२ वर या, कंट्रोल + ↓ ने शेवटच्या फ्लॅटवर जा, ← दाबून ए मध्ये या आणि कंट्रोल + शिफ्ट + ↑ चार वेळा दाबा. प्रत्येक वेळी एकेका विंगच्या नावावर थांबत तुम्ही ए२ ला पोहोचाल. पाचव्यांदा दाबलंत तर हेडिंगही आत येईल. सोपं हवं असेल तर फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नेम बॉक्समध्ये ए२:ए३१३ टाइप करून एंटर करा.
आता सिलेक्शन तसंच ठेवून कंट्रोल + शिफ्ट + ~ दाबा (एस्केपच्या खालची की). एक्स्पोर्टमध्ये कॉलम बऱ्याचदा टेक्स्ट फॉरमॅटचा असतो. तो जनरल केला नाही तर पुढचा फॉर्म्युला अक्षरांसारखा तसाच दिसत राहतो. मग एफ५, ऑल्ट + एस, के, एंटर. फक्त रिकामे सेल निवडले जातील. बरोबरचं चिन्ह टाइप करा, ↑ एकदा दाबा आणि कंट्रोल + एंटर. नुसतं एंटर केलंत तर एकच सेल भरतो, सगळी गंमत कंट्रोलमध्ये आहे.
एफ५ च्या आधी रेंज निवडलेली आहे ना, हे नक्की बघा. एकच सेल निवडलेला असेल तर एक्सेल अख्ख्या शीटमधले रिकामे सेल धरतं आणि शेऱ्याचा कॉलमही भरून टाकतं.
शेवटी कंट्रोल + स्पेसने कॉलम निवडा, कंट्रोल + सी, मग कंट्रोल + ऑल्ट + व्ही, व्ही, एंटर. ही पायरी गाळू नका. ए मध्ये ‘वरच्या सेलमधलं घे’ असे फॉर्म्युले राहिले, तर थकबाकीप्रमाणे सॉर्ट केल्याबरोबर बी विंगचे फ्लॅट डी विंगमध्ये जातील.

सानपाडा_ऑडिट:
फिल्टरबद्दल. कॉपी करताना एक्सेल फक्त दिसणाऱ्या ओळी उचलतं, पण पेस्ट करताना डेटा सलग ओळींत टाकतं, लपलेल्या ओळींतही. त्यामुळे इथे पेस्ट वापरूच नका. फिल्टर लावून एच मधली रेंज निवडा, ऑल्ट + ; (सेमीकोलन) दाबा (फक्त दिसणारे सेल उरतात), ‘नोटीस दिली’ टाइप करा आणि कंट्रोल + एंटर. मग कंट्रोल + शिफ्ट + एल ने फिल्टर काढून पाच-सहा ओळी डोळ्यांखालून घाला. नोटीस चुकीच्या घरी गेली तर वार्षिक सभेत उत्तर द्यावं लागतं, तेव्हा ही तपासणी कराच.
ऑल्ट + ; ऐवजी चुकून कंट्रोल + ; दाबलं तर आजची तारीख पडते.
एफ४ साठी एफएन + एफ४ दाबा. पुष्कळ लॅपटॉपवर एफएन + एस्केपने एफ-की कायमच्या चालू होतात. व्याजाचा दर के१ मध्ये ठेवला असेल तर फॉर्म्युल्यात कर्सर के१ वर असतानाच एफ४ दाबा: पहिल्यांदा दोन्हीकडे डॉलर, दुसऱ्यांदा फक्त ओळीला, तिसऱ्यांदा फक्त कॉलमला, चौथ्यांदा काहीच नाही. तुम्हाला पहिलाच हवा. सेल एडिटमध्ये नसताना एफ४ मागची कृती पुन्हा करतो, म्हणजे आधी पिवळा रंग दिला असेल तर आणखी एक सेल पिवळा होईल.

घोडबंदर_खजिनदार:
शेरे आणि एफ४ जमलं. पण ए कॉलमला के, एंटर केल्यावर ‘नो सेल्स वर फाउंड’ येतंय. सेल तर रिकामे दिसतात.

नौपाडा_लेजर:
दिसतात, पण आत स्पेस असणार. त्यातल्या एका सेलवर एफ२ दाबा. कर्सर डाव्या कडेपासून थोडा पुढे लुकलुकत असेल तर तेच. ए२:ए३१३ निवडून कंट्रोल + एच करा. ‘फाइंड व्हॉट’मध्ये जितक्या स्पेस दिसल्या तितक्या टाका, ‘रिप्लेस विथ’ रिकामं ठेवा, ऑप्शन्समध्ये ‘मॅच एन्टायर सेल कंटेंट्स’ला टिक करा, मग रिप्लेस ऑल. ती टिक करायची राहिली तर ‘ए विंग’चं ‘एविंग’ होईल. त्यानंतर पुन्हा एफ५ पासून.

सानपाडा_ऑडिट:
कमिटीत कोणी हीच फाइल गुगल शीट्सवर उघडत असेल तर तिथे नुसत्या व्हॅल्यू पेस्ट करायला कंट्रोल + शिफ्ट + व्ही आहे. तुमच्या २०१९ मध्ये तो चालणार नाही, तिथे वर दिलेला कंट्रोल + ऑल्ट + व्ही, व्ही हाच.